फुलभुंगेरे पाळताना : कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

अलिबाग-मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी भुंगेरे पाळलेत किंवा पाळायचं मनात आहे, त्यांच्याकडून तेच ते प्रश्न फिरून येतात. ते इथे एकत्र केलेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाई असेल तर ४ आणि ८ एवढे दोनच वाचा. बहुतेक घोळ तिथेच होतात.

१. फुलभुंगेरा म्हणजे नक्की कोण? दिसायला रंगीत असला की झाला का?

नाही. शेणकिडे, हुमणीचे भुंगेरे, गेंड्या भुंगा ही सगळी एका मोठ्या कुळातली मंडळी. त्याच कुळाच्या एका शाखेला फुलभुंगेरे म्हणतात. जगात त्यांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेक दिवसा फिरतात आणि फुलांवर, पिकून फुटलेल्या फळांवर नाहीतर झाडाच्या खोडातून झिरपणाऱ्या रसावर बसतात.

खात्रीची खूण उडताना दिसते. बाकीचे भुंगेरे उडायच्या आधी पाठीवरची कडक झाकणं उघडून वर धरतात. फुलभुंगेरा झाकणं मिटलेलीच ठेवतो आणि कडेच्या खाचेतून खालचे पातळ पंख बाहेर काढून निघतो. त्याची भणभण ऐकून माणसं गांधीलमाशी समजून पळतात, पण तो डंख मारत नाही.

२. कोकणात कुठल्या जाती मिळतात, आणि कधी?

परसात सर्वांत सहज दिसतो तो गॅमेटिस व्हर्सिकलर. विटकरी-तांबड्या अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके, लांबी जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर. गुलाब, झेंडू, भेंडीच्या फुलात डोकं खुपसून बसलेला असतो. प्रोटेशिया वंशातले त्याहून मोठे. रंगाने गडद, अंगावर पांढरे शिंतोडे, आणि फुलांपेक्षा पिकल्या फळांवर जास्त येणारे. सड्यावर (जांभ्या खडकाच्या माळावर) पावसाळ्यात गवत फुलोऱ्यावर आलं की तुऱ्यांना चिकटलेला हिरवा-सोनेरी, केसाळ भुंगेरा दिसतो तो चिलोलोबा अक्युटा. तो गवताचे आणि बाजरी-ज्वारीचे पराग खातो. घाटाच्या पायथ्याच्या झाडीत हेटेरोऱ्हिना एलेगन्स मिळतो. आरशासारखा गुळगुळीत, बहुधा हिरवा, कधी निळा, कधी तांबूस.

सुरुवात गॅमेटिस किंवा प्रोटेशियापासून करावी. चिलोलोबा कितीही मोहात पाडो, त्याच्या मागे लागू नका. प्रौढाला परागच लागतात आणि वर्षातला त्याचा हंगामही आखूड.

३. लहानपणी काडेपेटीत ठेवायचो, पायाला दोरा बांधून उडवायचो, ते सोनपाखरू हेच का?

ते वेगळं कूळ. सोनपाखरू लांबट, अंगाने टणक आणि मागे निमुळतं. त्याची अळी जमिनीत जिवंत झाडांच्या मुळांवर वाढते, त्यामुळे डब्यात त्याची पैदास करणं घरगुती छंदाच्या आवाक्यातलं नाही. पकडलेलं सोनपाखरू डब्यात फक्त मरतं. दिसलं तर बघा आणि सोडून द्या.

४. गायरी (शेणखताचा खड्डा) उपसताना बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. पाळू की मारू?

आधी ओळखा. कोकणात हा प्रश्न गमतीचा नाही, कारण त्याच गायरीत माडाचा वैरी गेंड्या भुंगाही वाढतो. तीन प्रकारच्या अळ्या शक्य आहेत, आणि तिन्ही पांढऱ्या, जाड आणि अर्धवर्तुळात वळलेल्या.

पंधरा-वीस सेकंदांत निकाल देणारी परीक्षा अशी. अळी हलक्या हाताने उचलून सपाट जागी ठेवा. पडवीतली लादी किंवा ताट चालेल. फुलभुंगेऱ्याची अळी थोडी वळवळते, मग अंग ताणून सरळ होते, पाठीवर उलटी पडते आणि सहा पाय आकाशाकडे करून पाठीच्या वळ्यांनी सरपटत निघते. वेगही चांगला असतो. पाय जमिनीला लागतच नाहीत. ही सवय दुसऱ्या कुणाची नाही. गेंड्या भुंग्याची आणि हुमणीची अळी कुशीवर पडून राहते किंवा पायांनी ओढत, रखडत जाते.

दुसरी खूण डोक्याची. फुलभुंगेऱ्याच्या अळीचं डोकं अंगाच्या मानाने लहान, पाय आखूड, अंगावर दाट बारीक केस. गेंड्याचं डोकं रुंद, गडद तपकिरी, आणि पूर्ण वाढलेली अळी सहा सेंटिमीटरच्या वर जाते. आपल्याकडचे नेहमीचे फुलभुंगेरे अळी असताना तीन-चार सेंटिमीटरवर थांबतात.

तिसरी खूण जागेची. हुमणी जिवंत मुळं खाते, म्हणून ती ऊस, भुईमूग, सुपारीच्या मुळाशी सापडते. निव्वळ कुजलेल्या पाल्यात तिचं काम नसतं.

गेंड्याच्या अळ्या निघाल्या तर दया दाखवू नका, वेचून नष्ट करा. पुढे त्याचे भुंगे माडाचा शेंडा पोखरतात आणि उघडलेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. फुलभुंगेऱ्याच्या अळ्या मात्र तुमचं खत बारीक करून देतात. पाळायच्या नसल्या तरी परत गायरीतच टाका.

५. भुंगेरे पकडणं बेकायदा आहे का? वनखातं पकडेल का?

कुठून घेता आणि कुठली जात घेता यावर ते ठरतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या परिशिष्टांत काही भुंगेऱ्यांची नावं आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली. जात ओळखून यादीशी ताडून बघावी. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून मात्र कुठलाही कीटक परवानगीशिवाय उचलता येत नाही. म्हणजे फणसाड, कर्नाळा इथे फक्त कॅमेरा. राखीव वनालाही हाच नियम धरून चाला.

हे कागदावरचंच आहे असं समजू नका. २००८ साली दार्जिलिंगकडच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा करणाऱ्या दोघा चेक नागरिकांना अटक झाली होती आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं.

देवराईबद्दल कायद्याआधी गावची रीत पाळा. बऱ्याच गावांत राईतली वाळकी काडीसुद्धा उचलत नाहीत, आणि तिथला पातेरा (गळून पडलेला पाला) भुंगेऱ्यांसाठी कितीही उत्तम असला तरी तो राईचा आहे. आपली गायरी, आपलं परसू, ओळखीच्या माणसाची बाग एवढं पुरतं.

६. आफ्रिकेतले मोठे फुलभुंगेरे ऑनलाइन विकायला दिसतात. मागवू का?

मागवू नका. युरोपात नवशिके ज्याच्यापासून सुरुवात करतात तो पिवळा-तपकिरी पॅक्नोडा मार्जिनाटा, मुठीत न मावणारा गोलिएथस, हिरवागार मेसिनोऱ्हिना हे सगळे आफ्रिकी. जिवंत कीटक परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत. विनाशकारी कीटक आणि पीडक कायदा १९१४ आणि त्याखालचा वनस्पती विलगीकरण आदेश २००३ यांनी ते बांधलेलं आहे. 'इथेच पैदास केलेले' असं सांगून विकणाऱ्याकडूनही घेऊ नका, कारण त्याच्याकडे ते आले कुठून हा प्रश्न उरतोच.

कायदा बाजूला ठेवला तरी, आंबा-काजू-नारळावर जगणाऱ्या पट्ट्यात फुलं-फळं खाणारा परका कीटक सुटला तर काय होईल याचा विचार छंदवाल्यानेच आधी करायला हवा.

७. डबा कसला आणि केवढा?

फरसाणाच्या दुकानातली मोठ्या तोंडाची प्लॅस्टिक बरणी अळ्यांना उत्तम. मध्यम आकाराच्या जातीत एका अळीला अर्धा लिटर जागा धरा. दाटी झाली आणि खाणं कमी पडलं की काही जातींच्या अळ्या एकमेकींना चावतात. झाकणाला भोकं पाडून आतून डासांची जाळी चिकटवा, नाहीतर चिलटं आत शिरतात (१० पाहा).

प्रौढांसाठी दहा-पंधरा लिटरचा पारदर्शक डबा. तळाला वीतभर पातेऱ्याचं मिश्रण (८ पाहा), खालचा अर्धा थर हाताने दाबून घट्ट केलेला, वर दोन-चार सुक्या फांद्या आणि सालीचे तुकडे. फांद्या शोभेच्या नाहीत. पाठीवर पडलेल्या भुंगेऱ्याला धरायला काही मिळालं नाही तर तो पाय झाडून झाडून थकतो.

डबा उजेडात ठेवा, उन्हात नको. वैशाखात खिडकीतल्या उन्हाने प्लॅस्टिकचा डबा तासाभरात आतल्या सगळ्यांना शिजवतो.

८. अळ्यांना खायला काय घालू? कोकोपीट चालेल का?

कोकोपीटमध्ये ओल राहते, पोषण नाही. नुसत्या कोकोपीटवर अळी जगते, पण वाढत नाही. भुंगेरा झालाच तर खुरटा होतो. नारळाचं गाव म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे.

अळीचं अन्न म्हणजे कुजलेला रुंद पानांचा पातेरा आणि पांढरं पडून भुसभुशीत झालेलं लाकूड. आपल्याकडे ऐन आणि किंजळ यांचा पाला सर्वांत चांगला. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, लोक याच झाडांची कवळं (पाल्याच्या डहाळ्या) तोडतात, त्यामुळे बहुतेक गावांत ही झाडं हाताशी असतात. आंबा-फणसाची पानं जाड आणि चिवट, त्यांना कुजायला जास्त वेळ द्यावा लागतो. झाडाखालचा वरचा कोरडा, कुरकुरीत थर बाजूला करा. त्याखाली काळपट, ओलसर, बोटांनी चुरगळणारा, पहिल्या पावसासारखा वास येणारा थर लागतो. हवा तो हाच.

जंगलातून ओरबाडण्यापेक्षा घरी कुजवणं बरं. शिमग्याच्या सुमारास पानगळ होते तेव्हा पातेरा गोळा करून चुरा, तागाच्या पोत्यात भरा, भिजवा, सावलीत ठेवा आणि अधूनमधून उलटा. पुढच्या पावसाळ्याअखेर वापरण्याजोगा होतो. घाई असेल तर त्यात मूठ-दोन मूठ भाताचा किंवा गव्हाचा कोंडा मिसळतात. मग ढीग हात लावता येणार नाही इतका तापतो आणि आंबूस वास मारतो. तो पूर्ण थंड होऊन वास मातीसारखा होईपर्यंत अळी आत टाकायची नाही.

काय टाळायचं ते नीट ऐका. कडुनिंब आणि करंज नको. दोन्हींत कीटकांना बाधणारी द्रव्यं आहेत आणि त्यांचीच तेलं आपण फवारतो. निलगिरी नको, सुरूची पानं नकोत, गिरिपुष्पही नको. त्याचा पाला उंदीर मारायला वापरतात. सॉ मिलचा भुसा रंग-पॉलिश किंवा कीड-प्रतिबंधक औषध लावलेल्या लाकडाचा असू शकतो, तोही नको.

आणि हापूसच्या बागेतला पातेरा सर्वांत धोक्याचा. मोहोर यायला लागल्यापासून तुडतुड्यांसाठी लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम अशा फवारण्या होत राहतात. ते सगळं गळालेल्या पानांवरही बसतं. दिसायला तोच सुंदर काळा थर, पण अळ्या दोन दिवसांत मऊ पडून मरतात. फवारणी न होणाऱ्या रायवळ आंब्याखालचा चालतो.

चांगलं कुजलेलं शेणखत चौथा हिस्सा मिसळलं तर अळ्या भरदार होतात. ताजं शेण कधीच नाही.

९. पाणी किती शिंपडू?

मिश्रण मुठीत घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांच्या फटींतून पाणी गळता कामा नये. गळलं तर कोरडा पातेरा मिसळा. बरणीच्या भिंतीवर आतून थेंब जमून ओघळायला लागले की हवा कमी पडतेय, भोकं वाढवा. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा. विहिरीच्या पाण्याचा त्रास नाही.

१०. आमच्याकडे पावसाळ्यात सगळंच बुरसतं. डब्यात बुरशी, चिलटं, बारीक किडे आले. टाकून देऊ?

पांढरी, कापसासारखी बुरशी ताज्या मिश्रणावर येतेच. एक-दोन आठवड्यांत ती संपते आणि अळ्या तीही खातात. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे बुरशी नसलेला डबा शोधण्यात अर्थ नाही. आषाढ-श्रावणात शिंपडणं जवळजवळ बंद करा आणि डबा भिंतीपासून हातभर लांब ठेवा. चिऱ्याची भिंत ओल धरते.

काळी चिलटं उपद्रवी असतात, मारक नसतात. ती येतात प्रौढांच्या सडक्या फळांवर, म्हणून फळ रोज बदला. उड्या मारणारे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे किडे निरुपद्रवी आणि कामाचेही. बुरशी तेच खातात.

भुंगेऱ्याच्या पोटाखाली, पायांच्या बेचक्यांत तपकिरी माइट्स (बारीक, कोळ्यासारखे जीव) चिकटलेले दिसतात. बरेचसे फक्त सवारी करत असतात. फार झाले तर भुंगेऱ्याला कोमट पाण्याच्या ओल्या, मऊ ब्रशने पुसा आणि नवीन मिश्रणात ठेवा.

खरी भीती गोम-घोणीची. जंगलातला पातेरा आणला की त्यातून ती येते आणि बरणीतल्या अळ्या एकेक करून संपवते. पातेरा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एप्रिल-मेच्या उन्हात काही दिवस टाकावा, मग चाळून भरावा.

११. मुंग्या लागतात. लक्ष्मणरेषा ओढली तर चालेल?

मुंग्यांच्या खडूत डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. मुंगीला मारतं ते भुंगेऱ्यालाही मारतं. घरोघरी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे, तोच उपाय इथे करा. स्टँडचे चार पाय चार वाट्यांत, आणि वाट्यांतलं पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास वाढतात.

डासांवरून आठवलं. डासांची कॉइल, विजेवर लावायची द्रव-औषधाची बाटली, ग्रामपंचायतीची धूरफवारणी या तिन्हींत कीटकनाशकच असतं. ज्या खोलीत कॉइल लागते तिथे भुंगेरे ठेवायचे नाहीत. 'काहीही कारण नसताना सगळे पाठीवर पडून पाय हलवताहेत' या तक्रारीच्या मागे फार वेळा हेच निघतं.

१२. प्रौढांना हापूस घालू का?

घाला की, उरला तर. केळं सर्वांत सोयीचं, तेही साल काळी पडू लागलेलं. चिकू, पपई, फणसाचा गरा, आंबा सगळं खातात. किंचित आंबलेलं जास्त आवडतं. बाजारचं फळ सालीसकट देऊ नका, धुऊन सोला. गॅमेटिस आणि हेटेरोऱ्हिनाला अधूनमधून फवारा न मारलेल्या जास्वंदीचं किंवा झेंडूचं फूल द्या. परागांतून प्रथिनं मिळतात आणि मादी जास्त अंडी घालते. फणस मात्र एका दिवसाच्या वर डब्यात ठेवू नका, सगळ्या आळीची चिलटं गोळा होतात.

१३. नर-मादी कसं ओळखायचं?

भुंगेरा उलटा करून पोट बघा. बऱ्याच जातींत नराच्या पोटावर मधोमध लांबट खोलगट पन्हळ असते, मादीचं पोट सपाट किंवा फुगीर. उजेड तिरका पडू द्या, पन्हळीत सावली दिसते. पूर्ण वाढलेल्या अळीतही नर ओळखता येतो. शेपटाकडच्या टोकाजवळ, पोटाच्या बाजूला मधोमध कातडीखाली एक बारीक गडद ठिपका दिसतो. मादीत तो नसतो.

१४. अंडी शोधून वेगळी काढू का?

गरज नाही. मादी मिश्रणात शिरून एकेक अंडं घालते. दोन मिलिमीटरच्या आसपास, पांढरं, हळूहळू फुगत जाणारं. हात लावला की फुटतं. महिन्याभराने सगळं मिश्रण मोठ्या परातीत ओतून बारीक अळ्या चमच्याने उचला. बोटांनी धरू नका. मिश्रण बदलताना दोन तृतीयांश नवं आणि एक तृतीयांश जुनं ठेवा, कारण जुन्या लेंड्यांतले जिवाणू अळीला पचनाला लागतात. पानं संपून सगळं मसुराएवढ्या लेंड्यांचं झालं की बदलायची वेळ आली. त्या लेंड्या कुंड्यांना घाला, चांगलं खत आहे.

१५. अळी पिवळी पडली, खात नाही, हलतही नाही. मेली का?

मेलेली अळी काळी पडते आणि घाण वास मारते. पिवळसर, सुरकुतलेली, वास नसलेली अळी कोशात जायच्या तयारीत असते. आता ती लेंड्या, माती आणि स्वतःचा चिकट स्राव यांचा अंड्याच्या आकाराचा कोश बांधते, बहुधा बरणीच्या तळाशी किंवा भिंतीला चिकटवून. मिश्रणात थोडी शेतातली चिकण माती असली तर कोश पक्का होतो. सड्यावरच्या खरबरीत जांभ्या मातीने नाही होत.

इथून पुढे हात बांधून ठेवा. बरणी हलवू नका, 'आत काय चाललंय' म्हणून कोश फोडू नका. आतलं काम जातीप्रमाणे तीन ते सहा आठवडे चालतं.

१६. कोश फुटलाच तर?

आतला जीव वाचतो. फुलवाल्याकडचा हिरवा फोम पाण्याने दोन-तीनदा धुवा, पिळा आणि त्यात कोशातल्या जीवापेक्षा थोडी मोठी गुळगुळीत खाच कोरा. खाच ओलसर हवी, पाणी साठलेली नको. जीव पाठीवर ठेवा, वर सैल झाकण द्या आणि अंधारात राहू द्या. फोम नसेल तर मळलेल्या चिकण मातीच्या गोळ्यात अशीच खाच करता येते. अजून कोशावस्था घेतली नसेल, निव्वळ पिवळी अळीच असेल, तर तिला नव्या दाबलेल्या मिश्रणात ठेवा. अंगात ताकद असली तर ती पुन्हा कोश बांधते, पण दर वेळी नाही.

१७. महिने झाले, कोशातून काही बाहेर येत नाही. का?

बऱ्याचदा भुंगेरा आत तयार होऊन बसलेला असतो. पाठ कडक व्हायला वेळ लागतो आणि काही जाती बाहेर पडायला ओलीची वाट बघतात. रानात मृगाचा पाऊस झाला की भुंगेरे निघतात ते याचमुळे. मे अखेरीस कोरड्या पडलेल्या बरणीवर पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे बरेच जण निघतात. अंडं ते भुंगेरा हा सगळा प्रवास जात आणि उष्णता यांप्रमाणे तीन-चार महिन्यांपासून जवळजवळ वर्षापर्यंत लांबतो. एकाच मादीची पिल्लंही एकदम निघत नाहीत.

१८. आम्ही मुंबईकर. गावचं घर मेमध्ये आणि गणपतीला उघडतं. तिथे बरण्या ठेवल्या तर?

तीन-चार आठवडे अळ्यांकडे कुणी बघितलं नाही तरी बिघडत नाही. मे ते भाद्रपद मात्र खूप झालं. बंद घरात ओल, उंदीर, मुंग्या सगळ्यांना मोकळं रान. अळ्या मुंबईला घेऊन जा. प्रवासात बरणी काठोकाठ भरा. अर्धी बरणी घाटातल्या वळणांवर घुसळते आणि अळ्या चेंगरतात. एसटीत बरणी पायाशी ठेवा, इंजिनजवळ नको. कोश असतील तर प्रवास टाळा (१५ पाहा).

१९. मेलेल्या भुंगेऱ्याचा रंग टिकतो का?

धातूसारखा चमकणारा रंग वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो रंगद्रव्याचा नाही. कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो त्याचा तो रंग. गॅमेटिसचा तांबडा मात्र हळूहळू मळकट होतो.

गंमत बघायची असेल तर थ्रीडी सिनेमाचा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा चष्मा घ्या आणि हिरव्या भुंगेऱ्याकडे एकेका काचेतून बघा. बऱ्याच जातींत एका काचेतून तो नेहमीसारखा हिरवा दिसतो आणि दुसरीतून एकदम काळपट, विझल्यासारखा. त्याच्या पाठीवरून परतणारा प्रकाश एकाच दिशेने पिळलेला असतो. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ साली एका सोनेरी भुंगेऱ्यावर हे दाखवलं होतं.

२०. मुलं हातात घेतात. चावतो का?

नाही. पायांचे काटे टोचतात आणि घाबरला की ओलं काहीतरी अंगावर सोडतो. हात धुतले की झालं.

२१. शेजारचे बागायतदार म्हणतात, तुमचे किडे आमचा मोहोर खातात. खरं आहे का?

थोडं खरं, बरंचसं नाही. गॅमेटिस फुलांचे भाग कुरतडतो, गुलाब-झेंडूवाल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. पण मोहोराचं मुख्य नुकसान तुडतुडे आणि भुरी करतात, फुलभुंगेऱ्यांनी नाही. शिवाय फुलाफुलावर फिरताना ते परागही वाहतात.

तरी वाद घालण्यापेक्षा डबा उघडून दाखवा. कोश, अळी, पातेरा बघितल्यावर माणूस निवळतो, आणि गेंड्याच्या अळ्या कशा ओळखायच्या (४ पाहा) हे त्यालाही कामाला येतं. डब्याची जाळी पक्की ठेवा आणि एकाच वेळी शेकड्याने भुंगेरे सोडू नका.

२२. जास्त झाले तर कुठे सोडू?

जिथून मूळ जोडी आणली तिथेच, त्याच गावात, हंगामात. लांजाचे भुंगेरे अलिबागला सोडू नका. डब्यात रोग झाला असेल (२४ पाहा) तर कुठेच सोडू नका.

२३. दोन जाती एका डब्यात चालतील?

प्रौढ चालतात, अळ्या नको. कुठली कुणाची ते पुढे कळत नाही आणि मोठ्या जातीच्या अळ्या लहानांना रगडतात. जवळच्या नात्यातल्या जाती प्रौढपणीही वेगळ्याच ठेवा.

२४. सगळं नीट होतं, आणि एका आठवड्यात अळ्या कडक होऊन हिरव्या पडल्या. हे काय?

आधी अळी सुस्त होते, मग ताठ, मग अंगावर पांढरी बुरशी चढते आणि ती शेवाळासारखी गडद हिरवी होते. हे मेटारायझियम. गेंड्या भुंगा आणि हुमणीसाठी शेतकरी हीच बुरशी शेणखतात मुद्दाम मिसळतात. कृषी सेवा केंद्रात ती पावडरीच्या रूपात मिळते आणि माडाच्या बागेसाठी रासायनिक औषधापेक्षा ती कितीतरी बरी. पण ती फुलभुंगेऱ्याला वेगळं ओळखत नाही.

म्हणून शेणखत दुसऱ्याच्या गायरीतून आणताना एकच प्रश्न विचारायचा: यंदा यात काही मिसळलंत का? मिसळलं असेल तर ते खत माडाला घाला, डब्यात नको. लागण झालीच तर त्या बरणीतलं सगळं मिश्रण मेलेल्या अळ्यांसकट माडाच्या गायरीत पुरा, तिथे ते गेंड्यावर चालेल. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. त्या बरणीतल्या धडधाकट दिसणाऱ्या अळ्याही वेगवेगळ्या डब्यांत, एकेकीला सुटं, महिनाभर ठेवा, आणि त्यांना हात लावल्यावर साबणाने धुतल्याशिवाय दुसरा डबा उघडू नका.